तळ्याला पंप घेताना आधी पहाटेचा विचार करा

पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांबरोबर काम करणाऱ्या आम्ही समन्वयक आज तुमच्याशी एका साध्या वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे पाण्याचा पंप. तुमच्यापैकी कोणाच्या घरामागे जिताड्याचं तळं आहे, कोणी शोभेचे मासे वाढवायला परसात सिमेंटची टाकी बांधली आहे, कोणाच्या गटाने ताडपत्रीचा हौद केला आहे. या सगळ्यांना कधी ना कधी पंप घ्यावा लागतो. आणि दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा देऊ?"

हा प्रश्नच चुकीचा आहे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

खारेपाटातल्या आमच्या एका गटाने एका वहिनींच्या घरामागचं तळं साफ करून त्यात जिताड्याची पिल्लं सोडली. पावसाळ्यात खाडीतून आणलेली पिल्लं. वर्षभर सगळ्यांनी पाळी लावून खाऊ घातला. दुसऱ्या उन्हाळ्यात मासे किलो-किलोचे झाले. तळ्याचं पाणी आटून हिरवंगार झालं, तशी भीती वाटायला लागली. म्हणून गटाने अंतर्गत कर्ज काढलं आणि एक एचपीची मोटर आणली. मोठी मोटर, म्हणजे काळजी मिटली. दिवसा ती चालवायची, पाणी उडताना बघून बरं वाटायचं. बिल येईल म्हणून रात्री बंद. एप्रिलमधल्या एका पहाटे वहिनी तळ्यावर गेल्या तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. धावत जाऊन मोटरचं बटण दाबलं, तर लाइट नव्हती. उजाडेपर्यंत निम्मे मासे उलटे झाले होते.

दोष वहिनींचा नव्हता, मोटरचाही नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून चुकीच्या कामासाठी चुकीची वस्तू घेतली होती. त्यावरून जे कळलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, मासा कशाने मरतो? मासाही आपल्यासारखाच श्वास घेतो, फक्त पाण्यात विरघळलेल्या हवेतून. आणि पाण्यात ती फार थोडी असते. तीस अंश तापलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात प्राणवायू फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. वीस अंशाच्या गार पाण्यात नऊच्या आसपास मावतो. म्हणजे पाणी जितकं तापेल तितकी हवा कमी. पाणी खारट असेल तर आणखी कमी. बहुतेक माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर असला तर बरं वाटतं. त्याखाली गेला की ते खात नाहीत, वाढत नाहीत, आणि फारच खाली गेला की वर येऊन धापा टाकतात.

आता हिरव्या पाण्याचं गणित बघा. तळ्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री ऊन नसतं, तेव्हा तेच शेवाळ माशांसारखा प्राणवायू वापरतं. तळाचा गाळ कुजतो, तोही वापरतो. संध्याकाळी भरलेली तिजोरी रात्रभर रिकामी होत जाते आणि सूर्य उगवायच्या आधी सगळ्यात खाली जाते. म्हणून मासे दुपारी मरत नाहीत, पहाटे मरतात. पावसाळी ढग दोन-तीन दिवस राहिले तरी तेच होतं, कारण दिवसाची कमाईच झालेली नसते.

आम्ही दिवसा मोटर चालवत होतो, जेव्हा तळ्याला गरजच नव्हती. आणि पहाटे चारला, जेव्हा खरी गरज होती, तेव्हा ती बंद होती.

म्हणून पंप घेताना पहिला प्रश्न असा विचारा : याचं काम काय? दोन कामं वेगळी आहेत. एक, पाणी उचलणं किंवा फिरवणं. दोन, पाण्यात हवा घालणं. पाण्याचा पंप पहिलं काम करतो. हवेचा पंप, ज्याला दुकानात एअर पंप म्हणतात, तो दुसरं करतो. तो पाण्याबाहेर बसतो, नळीतून हवा ढकलतो आणि टोकाला लावलेल्या दगडातून किंवा चकतीतून बारीक बुडबुडे सोडतो. बुडबुड्यांमुळे तळाचं पाणी वर येतं, वरचं पाणी हलतं आणि हलत्या पाण्यात हवा जास्त मिसळते.

टाकीतलं पाणी गाळणीतून फिरवायचं असेल, तळं भरायचं किंवा उपसायचं असेल तर पाण्याचा पंप घ्या. मासे रात्रभर जगवायचे असतील तर आधी हवेचा पंप घ्या. पाण्याच्या पंपानेही हवा मिसळते, पाणी उंचावरून भोकांच्या पाइपातून पाडलं तर. पण त्यासाठी वीज जास्त जाते.

दुसरा प्रश्न : पाणी किती? हे मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट पाणी असलेली सिमेंटची टाकी म्हणजे १८० गुणिले २८, साधारण ५ हजार लिटर. चाळीस बाय तीसचं, पाच फूट पाण्याचं तळं म्हणजे जवळजवळ पावणेदोन लाख लिटर. दोन्हींना एकच पंप कसा चालेल? आमच्या वहिनींचं तळं या दुसऱ्या मापाचं होतं आणि आम्ही ते कधी मोजलंच नव्हतं.

तिसरा प्रश्न : पाणी किती उंच चढवायचं? इथे पंपावरची पाटी फसवते. पाटीवर लिहिलेलं असतं, ताशी ३ हजार लिटर, उंची ३ मीटर. आपल्याला वाटतं, तीन मीटर उंचीवर तीन हजार लिटर मिळतील. तसं नसतं. तीन हजार लिटर मिळतात ते शून्य उंचीवर, म्हणजे पाणी जराही वर चढवायचं नसेल तेव्हा. तीन मीटर ही त्या पंपाची हद्द आहे, तिथे पाण्याची धार थांबते. दीड मीटरवर साधारण निम्मं पाणी मिळेल असं धरून चाला. पाइप बारीक असेल, त्याला कोपरे जास्त असतील तर त्याहून कमी.

उंचीची किंमत काय असते हे आपल्या कुंडलिकेला विचारा. कोलाडच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं वीजघर आहे, १९२७ सालापासूनचं. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली पडतं आणि त्या पडण्यातून वीज तयार होते. तेच पाणी पुढे कुंडलिकेतून रोह्याकडे येतं. पाणी खाली पडताना वीज देतं, तर वर चढताना वीज मागणारच. म्हणून पाइपचं तोंड उगाच उंच ठेवू नका. टाकीच्या काठापेक्षा हातभर वर पुरतं.

आता पाच हजार लिटरच्या टाकीचं उदाहरण घेऊ. सगळं पाणी दोन तासांत एकदा गाळणीतून फिरावं असं ठरवलं, तर ताशी अडीच हजार लिटर पाहिजेत. गाळणी दीड मीटर उंच असेल, तर पाटीवर ताशी पाच हजार लिटर आणि उंची तीन मीटर लिहिलेला पंप लागेल. तीन हजारवाला कमी पडेल.

हवेच्या पंपालाही अशीच हद्द असते, पण ती खोलीची. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. पाटीवर एमपीए असं लिहून आकडा असतो. एक मीटर पाण्याला ०.०१ एमपीए एवढा दाब लागतो. पाटीवर ०.०२ असेल तर दोन मीटरवर त्याची हद्द संपते. काचेच्या पेटीसाठीचा छोटा पंप पाच फुटी तळ्याच्या तळाशी हवा पोचवत नाही. पंप गुरगुरत राहतो, बुडबुडा येत नाही.

चौथा प्रश्न : वीज किती खाणार? पाटीवरचे वॅट बघा. वॅट गुणिले तास भागिले एक हजार, एवढे युनिट. एक एचपीची मोटर साधारण एक हजार वॅट ओढते. ती रात्री दहा तास चालवली तर दहा युनिट, महिन्याला तीनशे. तळ्यासाठीचा ८० वॅटचा हवेचा पंप दहा तास चालवला तर पाऊण युनिटच्या थोडं वर, महिन्याला चोवीस. हिशोबाला युनिटचे दहा रुपये धरले, तर एकीकडे तीन हजार रुपये आणि दुसरीकडे दोनशे चाळीस. शिवाय घरगुती मीटरवर युनिट वाढले की पुढच्या युनिटांचा दरही चढतो. मोठी मोटर आम्ही रात्री बंद का ठेवत होतो, ते यात आलं. जी वस्तू चालवायची भीती वाटते ती कितीही मोठी असली तरी उपयोगाची नाही.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : लाइट गेली तर? आपल्याकडे वारा-पाऊस सुटला की लाइट जाते हे कोणाला सांगायला नको. बारा व्होल्टची शंभर अँपियर-तासाची बॅटरी घेतली, तर तिच्यात बाराशे वॅट-तास असतात. पण साध्या बॅटरीतली निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. म्हणजे सहाशे. ८० वॅटचा पंप इन्व्हर्टरच्या घटीसकट पंच्याण्णवच्या आसपास ओढेल. सहाशेला पंच्याण्णवने भागा, सहा तास मिळतात. रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत, म्हणजे अगदी जोखमीची वेळ निघून जाते. तीच बॅटरी एक एचपीच्या मोटरला अर्धा तास पुरेल. आणि मोटर सुरू होताना कित्येक पट वीज ओढते, त्यामुळे घरातला साधा इन्व्हर्टर ती सुरूच करू शकणार नाही.

आमच्या रोह्याकडच्या एका गटाने शोभेच्या माशांच्या तीन टाक्यांना मिळून ३५ वॅटचा हवेचा पंप घेतला आणि उरलेल्या पैशांत बॅटरी. दुकानदार हसला होता म्हणे, एवढ्याशा पंपाला बॅटरी कशाला? पण त्या बॅटरीवर पंप बारा तासांहून जास्त चालतो. पावसात रात्रभर लाइट नव्हती, तरी त्यांच्या टाक्यांतले बुडबुडे थांबले नाहीत. खारेपाटातल्या आमच्या गटानेही नंतर तेच केलं. मोठी मोटर विकली नाही, तळं भरायला-उपसायला ठेवली. मासे जगवायला ८० वॅटचा हवेचा पंप आणि बॅटरी घेतली. पावणेदोन लाख लिटरच्या सगळ्या तळ्यात तो हवा भरणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण एका बाजूला बुडबुडे राहिले की धाप लागलेले मासे तिकडे गोळा होतात आणि रात्र काढतात. तळं याहून मोठं असेल, मासे दाट असतील, तर पाणी उडवणारं चाकाचं यंत्र लागतं. त्याचा खर्च आणि वीजजोडणी दोन्ही मोठं आहे, तो विचार गटाने तज्ज्ञांना विचारून करावा.

कोणी म्हणेल, पंप कशाला, पाणी बदला. मैत्रिणींनो, खारेपाटात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हे सांगायला तोंड उचलत नाही. तळ्यात जे पावसाचं पाणी आहे त्यातच माशांना जगवायचं आहे.

आता खाऱ्या पाण्याबद्दल. पेणच्या खाडीकडच्या गावांत लोखंड टिकत नाही, पंपाचं तर विचारूच नका. पाण्यात बुडणारा पंप घेताना अंग प्लॅस्टिकचं आणि आतला दांडा सिरॅमिकचा आहे का ते विचारा. आत तेल भरलेला पंप माशांच्या पाण्यात घालू नका. सील फुटलं की तेल पाण्यावर पसरतं. पंप तळाच्या काळ्या गाळातही ठेवू नका. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असताना गाळ ढवळला, तर त्यातले विषारी वायू वर येतात, असलेला प्राणवायूही संपतो आणि वाचवायला लावलेला पंपच मासे मारतो. विटेवर किंवा टोपलीत ठेवून तळापासून फूटभर वर टांगा.

हवेचा पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. लाइट गेली की नळीतून पाणी उलटं चढून पंपात शिरतं आणि पंप जळतो. उंच जागा नसेल तर नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व बसवा, तो स्वस्तात मिळतो. पावसापासून वर छप्पर हवं आणि हवा खेळती हवी.

आणि हे मात्र नीट ऐका. पाणी आणि वीज एकत्र आली की जीव जातो. तळ्यावर आपण कपडे धुतो, मुलं पाय सोडून बसतात. पंपाच्या लाइनला तीस मिलिअँपियरचा ईएलसीबी बसवल्याशिवाय आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पंप सुरू करू नका. वीज गळायला लागली की ईएलसीबी क्षणात लाइन तोडतो. वायरमनने बसवल्यावर त्याचं चाचणीचं बटण आपल्यासमोर दाबून दाखवायला सांगा, आणि महिन्यातून एकदा स्वतः दाबून बघा. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. पंप वायरला धरून ओढू नका. वायरचा जोड पाण्यात किंवा बांधावर नको.

दुकानात जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या : पाणी किती लिटर, खोली किती, पाणी चढवायची उंची किती, पाणी गोडं की खारं, मासे कोणते आणि किती. मग विचारा, या उंचीवर किती पाणी मिळेल? किती वॅट? आतला पडदा, पाती, सील इथे पेणला किंवा रोह्याला मिळतात का? सुटे भाग मिळत नसतील तर स्वस्त पंपही महाग पडतो. बिल गटाच्या नावाने घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या आणि दोन्ही गटाच्या दप्तरात ठेवा.

पैशांचं बघायचं तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे, आणि परसातल्या शोभेच्या माशांचा प्रकल्पही त्यात बसतो. सध्या कोणते अर्ज चालू आहेत ते अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. मात्र मंजुरीच्या आधी खरेदी करू नका. तळ्याच्या सल्ल्यासाठी रोह्याजवळ किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्रही आपल्या जवळचंच आहे.

शेवटी, ज्याला पैसे लागत नाहीत ते उपाय. मासे मोजून सोडा. गर्दी कमी तर पंपही छोटा लागतो. जिताडा तर लहान भावंडांनाच खातो, म्हणून एका मापाचे मासे एकत्र ठेवा. उन्हाळ्यात आणि ढगाळ दिवसांत खाऊ कमी करा, उरलेला खाऊ कुजून हवा खातो. मासे वर आलेले दिसले तर खाऊ पूर्ण बंद करा, आणि पंप नसेल तर बादलीने तळ्याचंच पाणी घेऊन उंचावरून परत ओता. दहा जणींनी तासभर ओतलं तरी काही मासे वाचतात. त्या दिवशी आम्हाला हे ठाऊक असतं, तर आम्ही लाइटची वाट बघत उभ्या राहिलो नसतो.

त्या वहिनी आता रोज पहाटे चारला उठून तळ्यावर एक फेरी मारतात. कर्जाचे हप्ते फिटायला जास्त दिवस लागले, पण गट मोडला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिल्लं सोडली. या वेळी आधी तळं मोजलं, मग मासे मोजले आणि सगळ्यात शेवटी पंपाची निगा कोण राखणार त्याच्या पाळ्या लावल्या. पंपाचा दगड आठवड्याला धुणं, नळी तपासणं, बॅटरीत पाणी बघणं, सगळं वहीत लिहिलेलं आहे.

तुमच्या गटात पंप घ्यायचा विषय निघाला तर बैठकीत एकच प्रश्न आधी विचारा : पहाटे चार वाजता, लाइट नसताना, हा चालेल का? उत्तर हो असेल तर पुढचं बोलू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.